फोटोखाली मी ‘चालती’ लिहिलं

१२ जानेवारी

अप्पा,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. आईचा फोन उचलता, पण तिच्याशीही ‘जेवलो, थंडी आहे, ठेवतो’ एवढंच बोलता. मी शेजारी उभी असते, मला सगळं ऐकू येतं. तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

इकडे सगळं ठीक आहे. स्टुडिओत रोज जाते. दिवसभर पासपोर्ट फोटो. लोकांना हनुवटी वर, हनुवटी खाली करायला सांगते. स्टुडिओवाल्या बाई म्हणतात, पदवीधर मुलगी ठेवल्यापासून गिऱ्हाईकं घाबरून ताठ बसायला लागली आहेत.

चौकशी होईपर्यंत म्हणून तुम्हाला रेल्वे फाटकावर पाठवलं, तुम्ही गेलात त्या सकाळी मी स्टेशनवर यायला निघाले होते. तुम्ही आईला सांगितलंत, ‘तिला म्हणावं, कामाला जा.’ मी दाराआडच होते. मला सरळ सांगितलं असतंत तरी मी गेले असते.

अप्पा, वर्तमानपत्राने तो फोटो छापला त्यात माझा हात नव्हता. प्रदर्शनात लावला होता, तिथून त्यांनी घेतला. तुम्ही तो नीट पाहिलाच नाहीत. पेपर घडी घालून टेबलावर ठेवलात. म्हणून सांगते त्यात काय आहे. सकाळचं तिरपं ऊन. सात नंबरच्या रुळावर मालगाडीचे दोन डबे, मधे हातभर अंतर, आणि त्या अंतरात तुम्ही वाकलेले, डाव्या हाताने डब्याच्या टोकाचा धक्का झेलणारा बफर धरलेला, उजव्या हातात साखळीची कडी वर उचललेली. तुमचा चेहरा दिसत नाही, मान आणि खांदा दिसतो. मागच्या रुळावरून पॅसेंजर चालली आहे, तिच्या खिडक्यांत माणसं आहेत, आणि त्यातलं एकही माणूस तुमच्याकडे बघत नाही. म्हणून मला तो फोटो लावायचा होता. तीन वर्षं मी यार्डावरच्या त्या पुलावर उभी राहून गाड्या टिपते आहे, पण डबे जोडून गाड्या बनवणारा माणूस कोणाला दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

९ फेब्रुवारीला रेल्वेच्या ऑफिसात तुमची चौकशी आहे, तिथे मलाही बोलावलं आहे. त्यांना एवढंच विचारायचं आहे की फोटो काढला तेव्हा डबे उभे होते की सरकत होते. उभे असतील तर तुमची काही चूक नाही, तुम्ही परत यार्डात. सरकत असतील तर नियम मोडला, आणि डबे जोडायचं काम तुम्हाला पुन्हा कधीच मिळणार नाही. फोटोवरून ते कळत नाही. फोटोत सगळंच उभं असतं.

मी खरं तेच सांगेन. तुम्हीच मला तसं वाढवलं आहे. नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात, असा माझा विश्वास आहे.

तिथल्या फाटकावरच्या खोलीला खिडकी आहे का? एका ओळीत कळवा.

तुमची मास्तरीण

---

२१ जानेवारी

अप्पा,

उत्तर नाही आलं. पण आईने फोनवर विचारलं, ‘पोरीचं पत्र पोचलं का?’ तेव्हा तुम्ही ‘हं’ म्हणालात. त्या ‘हं’वर मी चार दिवस काढले.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. खोटं लिहिलं नाही, पण गाळली.

प्रदर्शन आमच्या मंडळाचं होतं, रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांचं; त्यात स्पर्धाही होती आणि तुमच्या फोटोला बक्षीस मिळालं. तुम्ही हसायचात, ‘गाड्या बघायला मंडळ कशाला, मी फुकट दाखवतो.’ तर आमच्या मंडळाची एक रीत आहे. प्रत्येक फोटोखाली रूळ कुठला, इंजिनाचा नंबर, तारीख, वेळ मिनिटासकट लिहायची, आणि गाडी उभी होती की चालती तेही. सचिव या बाबतीत फार कडक आहेत. एकदा एका गृहस्थाने सात पन्नासच्या जागी ‘आठच्या सुमारास’ लिहिलं तर त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला होता. उभ्या गाडीचा फोटो आमच्यात कोणी फारसा मोजत नाही. चालती गाडी स्वच्छ टिपायला कसलेला हात लागतो.

तर तुमच्या फोटोखाली मी लिहिलं: ‘रूळ सात. सकाळी ७.५२. चालती.’

तो एक शब्द नसता तर कोणी काही विचारलंच नसतं. चौकशीच्या नोटिशीत तोच शब्द अधोरेखित करून पाठवला आहे.

आणि वर्तमानपत्रवाल्यांनी नुसता उचलला नाही फोटो. त्यांचा मला फोन आला होता. त्यांनी विचारलं, यातला माणूस कोण? मी म्हणाले, माझे वडील. त्यांनी विचारलंही नव्हतं तेवढं मी सांगितलं, किती वर्षं हे काम करतात, कुठल्या पाळीत असतात. पाठीवरून तुम्हाला कोणी ओळखलं नसतं, अप्पा. मीच ओळख करून दिली. मला वाटत होतं मी तुमचा मान वाढवते आहे.

आता आईचं. तुम्ही लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिला शब्द दिला होता, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या शेजारच्या क्वार्टरमधले ते गृहस्थ दोन डब्यांत सापडले, त्या दिवशी. डबे थांबल्याशिवाय आत पाय घालणार नाही, असं तुम्ही तिला म्हणालात, आणि ती सव्वीस वर्षं निवांत डबा भरत राहिली. तिने तो फोटो पेपरात पाहिला, खालची ओळ मला वाचायला लावली. मी वाचली. तेव्हा ‘चालती’ म्हणजे काय, असं तिने विचारलं नाही. परत शिवणाला बसली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, ‘रोज?’

मी म्हणाले, ‘मला नाही माहीत.’

मला माहीत होतं. पुलावरून सगळं दिसतं.

तेव्हा तुम्हाला माझा राग आहे तो चौकशीचा की आईचा, हे मला कळत नाही. दोन्हीचा असेल तर तसं सांगा. सरळ बोलणी खाल्लेली मला चालतील. हे ‘हं’ नको.

मास्तरीण

---

३० जानेवारी

अप्पा,

आज सुट्टी होती म्हणून यार्डात गेले. कॅमेरा नेला नाही. शिट्टीकाका यार्डाच्या दाराशी भेटले. तुमच्या जोडीला सव्वीस वर्षं काढलेला हा माणूस मला बघून आधी तोंड फिरवून शीळ घालायला लागला. मग त्यांनाच राहवलं नाही.

‘या, या. आज कोणाला प्रसिद्ध करणार?’

मी म्हणाले, ‘काका, तुम्ही तरी टोमणे मारू नका.’

‘मारतोय कुठे? दाढी करून आलोय. सांगून येत जा, इस्त्रीचे कपडे घालतो.’

मग त्यांनी मला पाण्याच्या टाकीपाशी दगडावर बसवलं आणि विचारलं, तुझा बाप डबे थांबायच्या आधी आत का जातो, तुला ठाऊक आहे? मी म्हणाले, घाई असते म्हणून. तर इतके चिडले! ‘घाई! घाई करणारा माणूस या कामात वर्षभर टिकत नाही.’ त्यांनी दोन्ही मुठी समोरासमोर धरल्या आणि दाखवलं. डबे एकमेकांना भिडतात तेव्हा बफर आत दबतात. तेवढा एक क्षण साखळी सैल पडते आणि कडी एका झटक्यात हुकात बसते. डबे थांबले की बफर परत बाहेर फुगतात, साखळी चार बोटं तोकडी पडते. मग आपण बाहेर यायचं, ड्रायव्हरला हात करायचा, त्याने परत ढकलायचं, परत थांबायचं, परत आत. चाळीस डब्यांच्या गाडीला हे चाळीस वेळा. ‘आणि वेळापत्रक बनवणाऱ्या साहेबाने प्रत्येक डब्याला एकदाच ढकलायचा वेळ दिलाय. आता तू पदवीधर आहेस, कर हिशेब.’

मी हिशेब केला नाही, कारण समोर दिसतच होतं. तुमच्या प्रकरणानंतर सगळे नियमाने काम करत आहेत. अप्पा, तुम्ही बघायला हवं होतं! सहा नंबरवर एक गाडी बनत होती. डबा टेकला, थांबला, माणूस आत गेला, बाहेर आला, नाही म्हणून हात केला. इंजिनवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, ‘अरे, लग्न जमवताय की डबे?’ परत ढकललं. तेवढ्यात सिग्नलबाहेर पॅसेंजर येऊन थांबली आणि भोंगा वाजवत राहिली. खिडक्यांतून माणसं डोकी काढून बघायला लागली, पहिल्यांदाच. एक बाई ओरडून विचारत होती, पुढे काही झालंय का? शिट्टीकाका हात जोडून म्हणाले, ‘काही नाही ताई, आज आम्ही नियम पाळतोय.’

मी हसले आणि मग मला फार वाईट वाटलं. मी तीन वर्षं पुलावर उभी राहून घड्याळ बघून वेळा लिहिल्या. सात बावन्न, सात सत्तावन्न, आठ चार. गाड्या किती वेळेवर सुटतात म्हणून खूश व्हायची. त्या वेळेवर कशा सुटतात, हे मला तिथून दिसत होतं आणि तरी मी त्याचा विचार केला नव्हता.

निघताना काका म्हणाले, ‘नऊ तारखेला एवढंच सांग. स्पर्धेत नंबर यावा म्हणून चालती लिहिलं, खरं तर डबे उभे होते. बास. तुला कोण फाशी देणार आहे? बक्षीस परत घेतील. बाप परत येईल.’

मी म्हणाले, ‘मी खोटं बोलणार नाही.’

‘नको बोलू. बाप तिकडे म्हशी जाईपर्यंत फाटक धरून उभा राहील निवृत्तीपर्यंत. त्याचे हात बघितलेस कधी? ते फाटक उघडायचे हात आहेत?’

मी चिडून निघून आले. पुलाच्या अर्ध्या पायऱ्या चढले आणि बसले.

तुम्हीच सांगा, अप्पा. मी आजवर तुम्हाला कधीच विचारलं नाही, सगळं तुम्हालाच शिकवत आले. मराठी शुद्ध बोला, सही अशी नको तशी करा, फॉर्म असा भरा. आता विचारते. मी काय सांगू? एक ओळ लिहा. ‘खरं’ किंवा ‘खोटं’, एवढंच लिहिलंत तरी चालेल.

मास्तरीण

---

७ फेब्रुवारी

अप्पा,

तुमचं कार्ड मिळालं. ‘खोलीला खिडकी आहे. थंडी कमी. आईला गुडघ्याला शेक घ्यायला सांग.’ पत्ता तुमच्या अक्षरात, पण माझ्या नावापुढे ‘कुमारी’ आणि नावानंतर माझी पदवीसुद्धा लिहिलीत. पोस्टमनने मोठ्याने वाचून दाखवली.

जे विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र नाही. ते मुद्दाम टाळलंत, हे मला समजलं. बापाने पढवलं असं कोणी म्हणू नये, म्हणून असेल. किंवा माझं मलाच ठरवू द्यायचं असेल. मी दोन्ही धरून चालते.

मी काय सांगणार ते या पत्रात लिहीत नाही. परवा भेटू. तुमची गाडी साडेनऊला येते, मी फलाटावर येणार नाही, सरळ ऑफिसात येईन. एकत्र आलो तर लोक बोलतील.

मला तुम्ही परत यार्डात हवे आहात, अप्पा. याहून दुसरं काही मला आत्ता सुचत नाही.

मास्तरीण

---

११ फेब्रुवारी

अप्पा,

परवा बोलायला वेळच मिळाला नाही. तुमची परतीची गाडी होती, आणि शिट्टीकाका मधे मधे बोलत होते. म्हणून जे तुम्ही आत नसताना झालं ते आता सांगते. सगळं सांगते, काही गाळत नाही.

मला आधी आत घेतलं. चौकशी अधिकारी माणूस सभ्य होता. टेबलावर आपला फोटो दाराएवढा मोठा करून पसरला होता, कोपऱ्यांवर पेपरवेट. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही पदवीधर?’ मी हो म्हणाले. ‘घरात आणखी कोणी?’ मी म्हणाले, ‘नाही, मी पहिलीच.’ तर ते म्हणाले, ‘मग आपण लिहिलेल्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक असणार. हे चालती म्हणजे काय?’

मी वाटेत ठरवून आले होते, की आधी वेळापत्रकाचं सांगायचं, बफरचं सांगायचं, चाळीस वेळा ढकलायचं सांगायचं. मी सांगितलंही. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाले, ‘तो वेगळा विषय आहे, त्यासाठी वेगळा अर्ज करता येईल. डबे उभे होते की चालते?’

मी फोटोकडे बघत होते. एवढा मोठा केल्यावर तुमच्या मानेवरचा घाम दिसत होता. कडाक्याच्या थंडीत.

मी म्हणाले, ‘उभे होते. आमच्या स्पर्धेत चालत्या गाडीला मान असतो, म्हणून मी खोटं लिहिलं.’

कारकुनाने ते उतरवून घेतलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, मंडळाला तसं कळवावं लागेल, चालेल? मी चालेल म्हणाले. कागद पुढे केला. मी सही केली. पूर्ण नाव. माझं, मधे तुमचं, मग आडनाव. एका दमात केली. याचंच मला आता वाईट वाटतं.

मग तुम्हाला बोलावलं, आणि मला ‘तिथेच थांबा’ म्हणाले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण तुम्हाला तुमचा चेहरा दिसत नव्हता, मला दिसत होता. कारकुनाने माझा जबाब वाचून दाखवला. तुम्ही म्हणालात, ‘परत वाचा.’ त्याने परत वाचला. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. फोटोकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट, वाकून, जवळून. मला वाटलं तुम्ही आता गप्प राहाल आणि सगळं मिटेल.

तुम्ही म्हणालात, ‘साहेब, हिने तेव्हा खोटं लिहिलं नाही. आत्ता खोटं सांगितलंय.’

साहेब म्हणाले, ‘तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना?’

‘कळतंय. डबे चालत होते. उभ्या डब्यांत माणूस असा वाकत नाही, कोणालाही विचारा. सव्वीस वर्षं मी असाच वाकतोय.’ आणि मग तुमचा आवाज जरा चढला. ‘तो कागद रद्द करा आधी. पोरीचं नाव आहे त्याच्यावर.’

अधिकाऱ्यांनी माझ्या जबाबावर आडवी रेघ मारली. मग त्यांनी माझा खरा जबाब लिहायला कारकुनाला नवा कागद घ्यायला सांगितला. तुम्ही आत यायच्या आधी मी बफरबद्दल जे जे बोलले होते, ते त्यांनी स्वतःहून त्यात घालायला लावलं. ‘हेही लिहा. वर कोणी वाचेल न वाचेल, कागदावर असू दे.’ हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण तुम्ही तोवर बाहेर गेला होतात.

बाहेर शिट्टीकाका कपाळ धरून बसले होते. ‘बापलेक एकाच साच्यातले! दहा दिवस दोघांना पढवतोय. एकीने ऐकलं तर दुसऱ्याने पाणी फिरवलं!’ तेव्हा मला कळलं की ते तुम्हालाही येऊन सांगून गेले होते, आणि तुम्ही त्यांच्यासमोर हो म्हणाला होतात. म्हणजे माझा जबाब ऐकेपर्यंत तुमचाही विचार गप्प राहायचाच होता. खरं ना?

मग फलाटावर महिन्याने तुम्ही माझ्याशी पहिलं वाक्य बोललात. मला वाटलं रागवाल, किंवा डोक्यावर हात ठेवाल. तुम्ही विचारलंत, ‘नव्या कागदावर सही केलीस?’

‘केली.’

‘पूर्ण नाव?’

‘पूर्ण.’

‘मग झालं,’ म्हणालात आणि गाडीत चढलात.

गाडी लगेच सुटली, माझं बोलणं राहिलं. आता लिहिते. मी तुम्हाला यार्ड परत मिळवून द्यायला गेले होते आणि ते कायमचं घालवून आले. काल ऑफिसातून घरी पत्र आलं, तुमची नेमणूक तिथे फाटकावरच पक्की झाली आहे. मला वाटायचं नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात. ऐकतात, पण म्हणून काही बदलतंच असं नाही. तरीही तुम्ही जे केलंत ते चुकीचं होतं असं मला म्हणता येत नाही. शिट्टीकाका म्हणतात. मी म्हणू शकत नाही.

आईला मी सगळं शब्दाला शब्द सांगितलं. सव्वीस वर्षांचंही. ती शिवण खाली ठेवून ऐकत होती. मी थांबल्यावर तिने विचारलं, ‘साहेबांसमोर उभं राहून सांगितलं की बसून?’

मी म्हणाले, ‘उभं राहून.’

‘आणि आवाज?’

‘चढला होता. शेवटी.’

ती उठली, कपाटावरची ट्रंक काढायला मला हाक मारली. ट्रंकेत तिने आधी चादरी भरल्या, मग त्या काढून परत भरल्या, आणि मला म्हणाली, ‘लिही त्यांना. रविवारच्या सकाळच्या पॅसेंजरने येतोय. मी काही दिवस राहणार आहे, मला त्यांच्याशी बोलायचंय. फोनवर नाही.’ मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, ‘बोलून होईपर्यंत.’

तेव्हा हे पत्र म्हणजे आईचा निरोप समजा. तुमच्या स्टेशनवर गाडी दोनच मिनिटं थांबते आणि आपल्याकडे ट्रंक आहे, म्हणून तुम्ही फलाटावर या. आईने आणखी एक सांगितलं आहे आणि ते जसंच्या तसं लिहायला लावलं आहे. ‘त्यांना म्हणावं, गाडी दिसली की धावत पुढे यायचं नाही. भिंतीपाशी उभं राहायचं. ती पूर्ण थांबली, की मग या.’

मास्तरीण